उजनीच्या काठावरची वही

सोलापूरच्या एका उर्दू शाळेत मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. मराठीच्या तासाला आठवड्यातून एकदा मुलींकडून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घेते. पाठ्यपुस्तकातलं मराठी त्यांना बरं जमतं, बातमीतलं मात्र अडखळवतं. 2024 च्या उन्हाळ्यात अशाच एका तासाला एक मुलगी उजनी धरणाची बातमी वाचताना थांबली. ‘उणे’ म्हणजे मायनस हे मी सांगितलं, तर तिनं विचारलं, “टीचर, पानी मायनस में कैसा रहता?” पुढच्या ओळीत ‘मृत साठा’ होता. त्याचा अर्थ एकमेकींना सांगताना वर्गात कुजबुज झाली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मतलब हम मुर्दा पानी पीते?”

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि फळ्यावर आकडे लिहिले. उजनीत एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,830 कोटी लिटर. त्यातला तळाचा 63.66 टीएमसी साठा ‘मृत’ धरलेला आहे आणि त्याच्या वरचा 53.57 टीएमसी ‘उपयुक्त’. टक्केवारी मोजायची ती फक्त वरच्या साठ्याची. वरचा संपला की शून्य, आणि तळाच्या साठ्याला हात लागला की उणे. शून्याच्या खालीही पाणी सोडता येतं, आणि दर दुष्काळी वर्षी ते सोडलं जातं. मुलींना हिशेब समजला. मला वाटलं, मलाही समजला आहे.

मे महिना संपता संपता मी आपाकडे गेले. माझी मोठी बहीण करमाळा तालुक्यात, उजनीच्या जलाशयाच्या काठावर दिलेली आहे. कुगावच्या अलीकडचं छोटंसं गाव. सोलापूरहून गाडीनं माढा, कुर्डुवाडी, केम करत जेऊरला उतरायचं आणि पुढे जीप. एरवी जीप शेवटच्या चढावर आली की समोर पाणीच पाणी दिसतं. लहानपणी समुद्र पाहिलेला नव्हता, तेव्हा आपाच्या लग्नात हे पाणी बघून मला समुद्र बघितल्यासारखं झालं होतं. या वेळी चढावर आले तर समोर भेगाळलेली काळी जमीन, तिच्यावर इकडून तिकडे गेलेले पाइप, केबलींची जाळी, आणि फार लांब, उन्हात चमकणारी एक पट्टी.

“कित्ता दूर गया देख पानी,” आपा म्हणाली. सलाम-दुआ झाल्यावरचं तिचं पहिलं वाक्य हेच.

आधीच्या पावसाळ्यात, 2023 साली, धरण जेमतेम साठ टक्क्यांच्या आसपास भरलं होतं. जानेवारीतच ते शून्याखाली गेलं. मी गेले तेव्हा उणे साठच्या काठावर होतं. शून्याखालचे साठ टक्के म्हणजे मृत साठ्यातलंही निम्मं पाणी संपलेलं, हा हिशेब मी वाटेतच गाडीत केला होता. उरलेल्यात गाळ किती, तो वेगळाच.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दुल्हेभाई मला पाण्याकडे घेऊन गेले. आमच्या घरात बोली दखनी, पण शेताचं आणि पाण्याचं बोलणं निघालं की दुल्हेभाई आपोआप मराठीवर येतात. गावात, सोसायटीत, वीज कार्यालयात चाळीस वर्षं तेच बोलणं चालतं, म्हणून असेल. त्यांच्या हातात शाळकरी मुलांची दोनशे पानी वही होती. वहीच्या पानांवर तारीख, आणि तारखेपुढे आकडा. कुठे 12, कुठे 31, कुठे 58. शेवटचा आकडा 104.

“हे पाइप,” ते म्हणाले. “एक पाइप वीस फुटांचा. मोटार पाण्याच्या मागं मागं न्यायची, आणि जितके पाइप जोडावे लागले ते लिहून ठेवायचे. आब्बांनी सवय लावली.”

मी मनात गुणाकार केला. दोन हजार ऐंशी फूट. तेही फक्त पाइपाचं. मोटारीला तेवढीच केबल लागते, पाणी लांब गेलं की दाब कमी पडतो, मग मोठी मोटार किंवा मध्ये चर खोदून पाणी आणायचं. चर चार जणांच्या वर्गणीतून निघतो. जेसीबीचं भाडं तासावर. गाळातून रात्री मोटार ओढायला माणसं लागतात आणि त्या गाळात साप निघतात ते वेगळं. एवढं करून वीज काही तासच. पाणी कमी झालं की काठावरच्या मोटारींचा उपसा आवरण्यासाठी विजेचे तास कमी करतात.

इथे मला ती गोष्ट कळली जी फळ्यावरच्या गणितात नव्हती. उजनीची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर, आणि शून्य टक्क्यांची पातळी 491.03 मीटर. दोन्हींत फरक फक्त 5.80 मीटरचा, म्हणजे एकोणीस फुटांचा. एका मजली घराहून थोडा जास्त. कागदावर हे काहीच नाही. पण उजनी हे डोंगराच्या घळीत अडवलेलं खोल धरण नाही. भीमेच्या सपाट, पसरट खोऱ्यात पाणी ताटासारखं पसरलेलं आहे. ताटातलं पाणी बोटभर उतरलं तरी कड लांबवर उघडी पडते. धरणाच्या भिंतीवर जे फुटात मोजतात, ते इथे पाइपात मोजावं लागतं.

“तुम्ही ऊस कमी का करत नाही?” मी विचारलंच. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आणि ऊस किती पाणी पितो, हे मी शाळेत शिकवते. दुल्हेभाई रागावले नाहीत. म्हणाले, “दोन एकर मोडला. केळी लावली. कंदरची केळी परदेशात जाते, बघितलं ना? पण केळीला एक पाणी चुकलं तर घड गेला. ऊस चार आठवडे दम धरतो, केळी धरत नाही. आता सांगा काय लावू.” मला उत्तर देता आलं नाही. तरीही मला वाटतं की उसाचा प्रश्न आहेच, काठावर आहे तसा कालव्यावरही आहे, आणि त्याबद्दल कुणीच मोकळेपणानं बोलत नाही. कारखान्याचं धुराडं दिसतं त्या प्रत्येक गावात हा विषय घरातला होऊन बसतो.

पाण्याजवळ पोहोचलो तेव्हा वास आला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. धरण भरलेलं असताना ते पाण्यात मिसळून जातं. पाणी आटलं की काठावर हिरवी साय धरते. एक मच्छीमार जाळं सोडवत बसला होता. त्याच्या टोपलीत सगळी चिलापी. “मरळ, वाम आता नशिबानं,” तो म्हणाला. “पाणी लई कमी झालं की बारीक जाळ्याची माणसं येत्यात. पिल्लू बी ठेवत न्हाईत.” त्याच्या मागे दोन-तीन होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. त्यांच्याबद्दल मी विचारलं नाही. आठच दिवसांपूर्वी, 21 मे रोजी संध्याकाळी, कुगावहून पलीकडच्या कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली होती आणि सहा माणसं बुडाली होती. त्या काठावर अजून सगळे हळू आवाजात बोलत होते. पलीकडे इंदापूर तालुका. पाण्यावरून समोर दिसतो, रस्त्यानं जायचं तर टेंभुर्णीकडून नाही तर डिकसळच्या जुन्या पुलाकडून मोठा वळसा. माझी भाची इंदापूरला कॉलेजात शिकते, त्याच वाटेनं होडीतून जायची. तिचं नाव काढून आपा त्या दिवसांत रोज शुक्राच्या दोन रकात पढायची. कुगाव आणि शिरसोडी यांच्यामध्ये पूल मंजूर झालेला आहे. तो झाल्यावर मात्र होडी पाण्याच्या किती मागे न्यायची, हा हिशेब निदान सुटेल.

परतताना दुल्हेभाईंनी वाट बदलली. कोरड्या जमिनीवर एका ठिकाणी दगडांची ओळ दिसत होती, ढासळलेली भिंत असावी तशी. जवळ गेलो आणि ते चपला काढून थांबले. ते जुन्या गावाचं कब्रस्तान होतं.

धरणाचं काम 1966 साली सुरू झालं आणि 1980 साली पूर्ण झालं. भीमेच्या दोन्ही काठांवरची कितीतरी गावं उठली. जुना रेल्वेमार्गही पाण्याखाली गेला, आज आपण ज्या रुळांवरून पुण्याला जातो ते नंतर वळवून टाकलेले आहेत. डिकसळचा तो पूलही मूळचा रेल्वेचाच. पाणी फार उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं, कुगावचा इनामदारांचा वाडा वर येतो, आणि पुण्या-मुंबईहून लोक फोटो काढायला येतात. वर्तमानपत्रात दर दुष्काळात ते फोटो असतात. आपाच्या सासरचं कब्रस्तानही त्याच वेळी वर येतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही आणि तेच बरं आहे.

दुल्हेभाईंचे दादा तिथे आहेत. नेमकी कबर कुठली, हे सांगणारे आब्बा आता हयात नाहीत. “या बाभळीच्या खुंटापासून सात पावलं, असं आब्बा सांगायचे,” ते म्हणाले. खुंट आता नव्हता. अंदाजानं उभं राहून आम्ही सगळ्यांसाठीच दुआ केली. दुआ संपल्यावर ते हसले, म्हणाले, “मायनसमध्ये गेल्याशिवाय दादाची भेट होत नाही. आणि मायनसमध्ये गेलं की शेत जातं. काय मागावं तेच समजत नाही.”

रात्री अंगणात जेवणं झाल्यावर मी विचारलं, “मग पाणी जातं कुठे?”

दुल्हेभाई माझ्याकडे बघत राहिले. आपाच बोलली, “तेरे घरकूच आता, और किधर जाता?”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोलापूरला उजनीचं पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट जलवाहिनीची, धरणापासून शहरापर्यंत. ती अपुरी पडते म्हणून दुसरी मोठी समांतर जलवाहिनी टाकण्याचं काम तेव्हा चालूच होतं. दुसरी वाट नदीची. धरणातून भीमेत पाणी सोडतात, ते पंढरपूर, मंगळवेढ्यावरून औज-टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून शहरासाठी उचलतात. यायला आठ-दहा दिवस लागतात. वाटेतली कोरडी वाळू पाणी पिते, मधले बंधारे भरतात, काठावरच्या मोटारी चालतात, ऊन आपला वाटा घेतं. शहराला साधारण एक टीएमसी मिळावं म्हणून पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं. असं वर्षातून तीन-चार वेळा. वाटेतल्या गावांना त्यातून पाणी मिळतं, तेही तहानलेलेच आहेत, म्हणून सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. आषाढीला चंद्रभागेत पाणी असावं म्हणूनही सोडावं लागतं, आणि वारकऱ्यांना नाही कोण म्हणेल? पण एवढा फेरा घेऊन आमच्या पेठेत नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांतून एकदा. सोलापूरच्या ज्या बायका पहाटे उठून पिंपं भरतात त्यांनी काठावरच्या माणसाचा विचार करावा, हे बोलणं मला जड जातं. मी स्वतः त्यांतलीच एक आहे.

“आम्ही पिण्याचं पाणी अडवत नाही,” दुल्हेभाई म्हणाले. “पिणाऱ्याचं तोंड कोण धरणार? गुनाह आहे तो. पण सोडायच्या आधी आम्हाला सांगा ना. आज रात्री सोडणार, इतके दिवस सोडणार, पातळी इथपर्यंत येणार. मी चार दिवस आधी पाइप आणीन, चर काढीन. आम्हाला कधी कळतं? सकाळी मोटार हवा ओढायला लागली की.”

कालव्याला आणि नदीला पाणी कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. बैठकीला मंत्री, आमदार, अधिकारी असतात. कालव्याखालच्या शेतकऱ्यांसाठी आवर्तनाची तारीख जाहीर होते, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. कारण त्यांच्याकडे पाणी येणार असतं. ज्यांच्याकडून पाणी जाणार असतं त्यांना इशारा देण्याची पद्धत आपाच्या गावानं तरी पाहिलेली नाही. काठावरच्या धरणग्रस्तांची जुनी मागणी आहे की मृत साठ्यातून पाणी सोडू नका, तो काठासाठी राखा. मला ती पूर्ण मान्य करता येत नाही. दुष्काळात शहर तहानलेलं ठेवून तळाचं पाणी राखून ठेवणं शक्य नाही. पण ज्यांची जमीन या पाण्याखाली गेली त्यांना आठ दिवस आधी एक ओळ कळवण्यात कुणाचं एक थेंबही कमी होत नाही.

एकदा दुल्हेभाई वही घेऊन एका बैठकीला गेले होते. तिथल्या एका साहेबांनी वही चाळली, आणि पातळीची अधिकृत नोंद आमच्याकडे रोजची असते, असं सांगून परत दिली. दुल्हेभाईंना त्याचं वाईट वाटलं नाही, असं ते म्हणतात. आपा म्हणते, दोन दिवस जेवले नव्हते.

उजनीच्या पातळीबद्दल काठावरची माणसं एकमेकांशीही सहमत नसतात, हेही सांगायला हवं. एका जानेवारीत आमच्या शाळेची सहल भिगवणला रोहित पक्षी बघायला गेली होती. पाणी उतरून चिखल उघडा पडला की त्यातलं खाद्य टिपायला हे पक्षी येतात. त्या वर्षी पाणी जास्त होतं, पक्षी थोडे. होडीवाला कुरकुरत होता, “पाणी हालंना बघा बाई, धंदा बसला.” पलीकडच्या काठाला दुल्हेभाईंसारखे लोक पाणी टिकावं म्हणून दुआ करत असणार आणि हा उतरावं म्हणून. खाली पंढरपूरला ऑगस्टमध्ये लोकांना वाटतं, धरण थोडं रिकामं ठेवावं म्हणजे पूर येणार नाही. कालव्यावरच्याला वाटतं, काठोकाठ भरून ठेवावं म्हणजे उन्हाळ्यात दोन आवर्तनं जास्त. 2021 साली उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला, तेव्हा सोलापूर जिल्हा पेटला होता आणि महिन्याभरात तो रद्द करावा लागला. आमच्या घरात तर गंमत झाली होती. आपाची नणंद इंदापुरात, आपा करमाळ्यात, मी सोलापुरात. रमजानचे दिवस होते, आणि तिघी फोनवर ईदचं बोलायच्या ऐवजी टीएमसीवरून रुसलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेले. जीप चढावर आली आणि समोर तोच लहानपणचा समुद्र. जूनच्या पावसानंतर पुण्याकडची धरणं भरली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच उजनी शंभर टक्क्यांवर गेली. दोन महिन्यांत उणे साठपासून शंभर. वाचताना किती छान वाटतं! दुल्हेभाईंच्या वहीत त्या पंधरवड्याची पानं घाईनं लिहिलेली होती. 104 वरून 70, दोन रात्रींत 41, मग 19. पाणी चढत होतं तेव्हा रात्री बॅटऱ्या लावून बापलेक पाइप सोडवत मागे येत होते. शेजाऱ्याची मोटार बुडालीच. पाणी येताना सांगून आलं नाही, जाताना सांगून गेलं नव्हतं. कब्रस्तानावर किती पाणी असेल, मी मनातच अंदाज केला. आम्ही त्या दिशेला तोंड करून दोन मिनिटं उभे राहिलो आणि घरी आलो. होड्या पुन्हा चालू झाल्या होत्या. भाची आता जॅकेट घालून बसते, उकडतं म्हणून तक्रार करते.

निघताना वही बघत मी दुल्हेभाईंना म्हटलं, “मला एक काम द्या. सोलापूरच्या वर्तमानपत्रात पाणी सोडण्याची बातमी आधी येते. शहराचा प्रश्न असतो ना. मी वाचली की तुम्हाला फोन करीन.”

त्यांना आधी वाटलं मी चेष्टा करते आहे.

आता मराठीच्या तासाला मुलींना मी सांगून ठेवलं आहे, उजनीची बातमी दिसली की आधी ती वाचायची. दिवाळीनंतर एकदा तशी बातमी आली. सोलापूरसाठी नदीत पाणी सोडणार, असं लिहिलेलं होतं. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या जिन्यात उभी राहून आपाला फोन लावला. फोन दुल्हेभाईंनी उचलला. तारीख सांगितली, किती दिवस सोडणार ते सांगितलं. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. “थांबा, लिहून घेतो,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “तुमच्याकडे किती तारखेला पोहोचेल?”

मी म्हटलं, आठ-दहा दिवसांनी. पिंपं धुऊन ठेवते.